आधी खुर्ची, मग पाणी

४ जानेवारी, सोमवार

आजपासून मी आपत्ती सज्जता प्रमुख. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. टाळ्या पडल्या. दुसरं कुणी हात वर करेना म्हणून माझं नाव आलं, असं पुरुष वॉर्डची सिस्टर मागून बोलत होती म्हणे. बोलू दे. अठ्ठावीस वर्षं झाली नोकरीला, आता कुठे हॉस्पिटलला माझी किंमत कळली.

सव्वीस फेब्रुवारीला तपासणी. बाहेरून तीन साहेब येणार. आग लागो, पूर येवो, बस उलटो, आमच्या नर्सेस तयार आहेत का ते बघणार. हातात आठवडे सात. भरपूर झाले.

नोटीस बोर्डवर जुना तक्ता होता, 'आपत्ती सांगून येत नाही'. आधी तो काढला. साफ खोटं आहे. आपत्ती खुणा देते, सतरा वेळा देते, बघणारीचे डोळे उघडे पाहिजेत. हे वाक्य माझं स्वतःचं. प्रत्येक ट्रेनिंगची सुरुवात यानेच करायची.

संकल्प: रोज डायरी. रोज अर्धा तास चालणे. घरीसुद्धा आपत्ती योजना लागू करणे, म्हणजे दिव्याखाली अंधार असं कुणी म्हणायला नको.

चालणे उद्यापासून.

७ जानेवारी, गुरुवार

फोनसाखळीची चाचणी. मी चौघींना फोन करायचा, त्यांनी आणखी चौघींना, असं करत वीस मिनिटांत बेचाळीस जणी दारात हजर. तीनला सुरुवात केली. तीन वीसला दारात मी आणि झाडूवाल्या मावशी. साडेचारला गाडी करून दोघी आल्या. दोघीही रिटायर. यादीतून नावं काढायची राहिली होती. थोरली एकाहत्तरची. युनिफॉर्म चढवून आली होती, बटणं लागत नव्हती म्हणून वरून स्वेटर. कुठली आपत्ती, मी कुठे उभी राहू, असं विचारत होती. चहा पाजून परत पाठवली. बोलावलंत म्हणून बरं वाटलं, म्हणाली, आणि जिन्यात डोळे पुसले.

निष्कर्ष: साखळी उत्तम, यादी जुनी.

घरी आले तर हे दूध आणायला गेलेले टॉर्चचे सेल घेऊन परत आलेले. दूध नाही, सेल बारा. मी अजून योजना सांगितलीसुद्धा नव्हती आणि यांची तयारी सुरू. माणूस असावा तर असा. कोरा चहा प्यालो.

१२ जानेवारी, मंगळवार

फॉर्म तयार केला. 'अनोळखी रुग्ण, पुरुष/स्त्री, क्रमांक अमुक'. शुद्धीवर नसलेला किंवा नाव न सांगणारा माणूस आला की उंची, कपडे, खुणा, कुठे सापडला, कुणी आणला. खाली चौकट: ओळख पटवणाऱ्याचे नाव, नाते, सही. असा फॉर्म पंचक्रोशीत कुणाकडे नसेल.

शिवाय नातेवाइकांचा नियम. बातमी तोंडावर फेकायची नाही. आधी खुर्ची, मग पाणी, मग बातमी. आमची खारूताई, म्हणजे कॅज्युअल्टीतली नवी सिस्टर, सदा इकडून तिकडे पळत असते म्हणून हे नाव, ती विचारत होती की पाणी कशाला, तहान कुणाला असते तेव्हा. मी म्हटलं, तहानेसाठी नाही गं, हातात धरायला काहीतरी पाहिजे माणसाला. सगळ्यांनी लिहून घेतलं.

हे भाषण घरी यांच्यापुढे म्हणून बघितलं. यांना नातेवाईक केलं, खुर्चीत बसवलं, ग्लास दिला. तीन दिवसांत आठ वेळा. आठही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकत होते. दर वेळी डोळ्यांत पाणी. असा श्रोता नशिबाने मिळतो.

१८ जानेवारी, सोमवार

घराची चावी दोन तास शोधली. फ्रिजमध्ये, अंड्यांच्या खणात. विचार केल्यावर पटलं. आग लागली तर सगळ्यात शेवटी फ्रिज जळेल.

तरी पण शिस्त म्हणून घरभर चिठ्ठ्या लावल्या. 'गॅस बंद केला का', 'चावी इथे', 'हे बाथरूम', 'हे कपाट'. आपत्तीत माणूस गोंधळतो, अक्षर मोठं असलेलं बरं. 'हे बाथरूम' वाचून यांनी माझ्याकडे बघितलं. नंतर तिथेच बराच वेळ उभे होते.

लेकीचा फोन. ती लांब, दुसऱ्या गावात, शाळेत शिकवते. बाबांनी तिला एका फोनमध्ये तीनदा विचारलं म्हणे, दहावीचा अभ्यास कुठवर आला. एकोणतीस वर्षांची आहे ती. मी म्हटलं, बापाला मुलं कायम लहानच वाटतात. त्यावर म्हणाली, आई, तू नर्स आहेस. मी म्हटलं, म्हणूनच सांगते. रेंज गेली. म्हणजे मी ठेवला.

२७ जानेवारी, बुधवार

पहिली रंगीत तालीम. बस उलटली असं धरायचं. नर्सिंगच्या मुलींना जखमी केलं तर त्या टोमॅटो सॉस फासून खिदळत होत्या. एक मेलेली तर फोनवर बोलत होती. तपासनिसांपुढे हे दाखवलं तर बारा वाजले. म्हणून मी यांना घेऊन गेले होते. बघा म्हटलं, जखमी कसा असतो.

कमाल केली. ट्रॉलीवर बसवलं, खारूताईने नाव विचारलं. पुन्हा विचारलं. स्वतःच्या हातांकडे बघत राहिले, दोन्ही बाजूंनी उलटेसुलटे करून, जणू तिथे लिहिलं असेल. मग तिला म्हणाले, सकाळचं टपाल आलं का. मुलींचं खिदळणं थांबलं. मागे कुणाचं तरी नाक ओढल्याचा आवाज आला. मग जी काय टाळी पडली. मेट्रनबाई म्हणाल्या, नाटकात होते का हो हे. मी म्हटलं, पोस्टात होते. तेहतीस वर्षं पत्रं लावत होते, अर्ध्या पत्त्याचं पाकीट अचूक खणात. अख्खं शहर तोंडपाठ.

टाळ्या वाजल्यावर यांनी पण वाजवल्या.

घरी शर्ट धुवायला टाकताना खिशात भूमिकेची चिठ्ठी सापडली. माझंच अक्षर. 'पाय मोडला. शुद्धीवर. नाव, पत्ता नीट सांगतो.' हाडाचा कलावंत कागदाला बांधून घेत नाही. चिठ्ठी जपून ठेवायला हवी होती, पण भिजली.

३ फेब्रुवारी, बुधवार

मेंदूच्या डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये गाठलं. तालीम त्यांनी दारातून पाहिली होती म्हणे. हळूच म्हणाले, सिस्टर, एकदा घेऊन या त्यांना. मी म्हटलं, तपासणी होऊ दे. म्हणाले, तपासणीचा आणि याचा काय संबंध. उंटावरचा शहाणा. स्वतःच्या ओपीडीत एक टॉर्च चालत नाही.

मन शांत करायला घरीच यांची परीक्षा घेतली, तीस मार्कांची. आपल्याला काय येत नाही का. वार विचारला, सांगितला नाही. रिटायर माणसाला सगळे वार सारखेच. पूर्ण मार्क. महिना विचारला, म्हणाले थंडीचा. थंडी आहेच. पूर्ण मार्क. शंभरातून सात सात वजा करा म्हटलं. त्र्याण्णव म्हणाले, आणि मग विचारलं, कशासाठी काढून घ्यायचे. प्रश्न बिनतोड आहे. पूर्ण मार्क. तीन शब्द दिले, पाच मिनिटांनी एकही नाही, पण मधे कुकरची शिट्टी झाली, व्यत्यय धरून दोन मार्क. घड्याळ काढायला सांगितलं. बाराही आकडे एकाच बाजूला, एकावर एक, आणि काटे नाहीत. म्हणाले, काटे कुणीतरी नेले.

एकूण चोवीस. नॉर्मल. कडक तपासला तर अकरा येतात, पण कडक कशाला तपासायचा, पेपर घरचाच आहे.

कागद फाडला. तुकडे दोन वेगळ्या डब्यांत टाकले.

११ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी यांना कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने घरी आणून सोडलं. त्याच्या दुकानासमोर तासभर उभे होते म्हणे. माझ्या ड्यूटीची वेळ, त्याच्यापुढे हसून साजरं केलं. नंतर मी मोरीत नळ सोडून पाच मिनिटं बसले. नळ गळतो का बघत होते.

उपाय: यांच्या सातही शर्टांच्या कॉलरला आतून नाव आणि माझा फोन नंबर लिहिला, न पुसणाऱ्या पेनाने. पुरात माणसं हरवतात, पुस्तकात दिलेलं आहे. यांना वाईट वाटू नये म्हणून माझ्या युनिफॉर्मच्या कॉलरलाही यांचा नंबर लिहिला. हे बघत बसले होते. म्हणाले, तू कुठे हरवणार आहेस गं. मी म्हटलं, काय सांगता येतं.

आणि ड्यूटीला जाताना बाहेरून कडी. चोरांसाठी.

चालणे अजून सुरू झालेलं नाही.

२२ फेब्रुवारी, सोमवार

लेक येते आहे. शुक्रवारी, बाराच्या गाडीने. नेमकी तपासणीच्या दिवशी. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये. म्हणाली, तिकीट काढलं, आणि बाबांना मी डॉक्टरकडे नेणार आहे, तू ये किंवा येऊ नकोस. आईला असं बोलते. शाळेत मुलांना काय शिकवत असेल.

इकडे सगळं झकास. साखळी एकोणीस मिनिटांवर आली. खारूताईला खुर्ची आणि पाण्याचा नियम झोपेतही म्हणता येतो. तपासणीच्या दिवशी सगळ्यांचे फोन लॉकरमध्ये, हाही नियम माझाच. साहेबांपुढे कुणाचा फोन वाजायला नको.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी घेतली. लेकीसाठी घर आवरलं. चिठ्ठ्या सगळ्या काढल्या. आली की पहिल्यांदा 'हे बाथरूम' वाचेल आणि डोक्यात भलतंच घेईल. कॉलरवरची शाई स्पिरिटने निघते, पुसली. सात शर्ट. अक्षरं गेली, निळा डाग राहिला. तेवढा चालतो.

चिठ्ठ्या काढताना हे माझ्यामागून फिरत होते. एक चिठ्ठी हातात घेऊन म्हणाले, ही राहू दे. गॅसची नव्हती, चावीची पण नव्हती. फ्रिजवर मी माझ्या ड्यूटीच्या वेळा लिहिल्या होत्या, 'सिस्टर ५ वाजता घरी येते'. घाईत स्वतःला सिस्टर लिहिलेलं. काढली तीही.

आता घर अगदी पहिल्यासारखं दिसतंय. बघून खूप बरं वाटलं. आमचं काहीही झालेलं नाही.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी ६.४०

आज तो दिवस. युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. यांना पांढरा शर्ट घातला, चहा बिस्किटं दिली, खुर्चीत बसवून तीनदा सांगितलं की लेक बारापर्यंत येते, कुठे जायचं नाही. हो म्हणाले. तिन्ही वेळा हो म्हणाले, म्हणजे समजलं आहे. कडी लावलेली नाही. लेकीने बाहेरून कडी पाहिली तर पोलीस बोलावेल.

दुपारी १.१०

जेवणाची सुट्टी, स्टाफरूममध्ये लिहिते आहे. तपासणी झोकात. फोनसाखळी चौदा मिनिटांत, लॅण्डलाइनवरून. मोठे साहेब दोनदा 'वा' म्हणाले. त्यात नशीब बघा, सकाळी अकराच्या सुमारास कॅज्युअल्टीत खरोखरच एक अनोळखी माणूस आलाय म्हणे, पासष्टीच्या आसपासचा. तपासनीस खूश, फॉर्म प्रत्यक्ष भरताना बघायला मिळाला. मुलींनी चोख भरला. मी हॉलमध्ये तक्ते दाखवत होते, बघायला जाता आलं नाही. देव पाठीशी आहे.

खारूताई दारात उभी आहे. काहीतरी काम दिसतंय.

२७ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

काल ती आत आली आणि तिने खुर्ची ओढली. सिस्टर, जरा बसा, म्हणाली. मी म्हटलं, मला वेळ नाही गं. तिने खांद्याला धरून बसवलं. मग हातात पाण्याचा ग्लास दिला. मला तहान नव्हती. ग्लास धरला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिने काही सांगायच्या आत सगळं कळलं. नियम माझाच आहे. माझ्या बाबतीत तो कुणी पाळेल असं वाटलं नव्हतं.

हे साडेनऊलाच घरातून निघाले होते. सरळ पोस्टात गेले. सहा वर्षांत तिथला स्टाफ बदललेला, कुणी ओळखलं नाही. मागच्या दाराने आत गेले, स्टुलावर बसले आणि पत्रं लावायला लागले. नव्या पोस्टमास्तरांनी नाव विचारलं तर सांगता येईना. त्यांनीच अँब्युलन्स बोलावली. ड्रायव्हरने सांगितलं, तेवढ्या वेळात शंभरएक पत्रं लावली होती, एकही चुकलं नव्हतं.

आणि इथे आणल्यावर आमच्या मुलींनी यांना पाहिलं. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्याच त्या. तपासणीसाठी मी मुद्दाम पाठवलेत असं वाटलं त्यांना. काका, आज पण झकास करताय हं, असं म्हणून बाकावर बसवलं, हसत हसत फॉर्म भरला. 'अनोळखी पुरुष, क्रमांक १. पांढरा शर्ट. कॉलरला आतून निळा डाग, मजकूर वाचता येत नाही.' तपासनीस वाकून बघून गेले, शेरा दिला, अत्यंत वास्तव. दोन तास हे तिथे बसून होते. पाणी द्यायचं कुणाला सुचलं नाही, कारण नियमात पाणी नातेवाइकाला आहे. खारूताई तेव्हा हॉलमध्ये माझे तक्ते धरून उभी होती. सुट्टीत खाली गेली, यांचा पाय थरथरताना दिसला, आणि तिने अँब्युलन्सच्या नोंदवहीत पाहिलं, तर खरंच पोस्टातून आणल्याची नोंद.

लॉकर उघडला. लेकीचे एकोणीस मिस्ड कॉल. फोनसाखळीची प्रमुख मी आणि साखळीत माझं घरच नव्हतं.

मी खाली गेले. बाकाच्या टोकाला बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, कुणाच्या तरी घरी पाहुणे गेल्यासारखे. मी समोर उभी राहिले. माझ्याकडे बघून अदबीने थोडे सरकले. मी शेजारी बसले.

तेव्हा म्हणाले, "सिस्टर, एक काम कराल का? माझी बायको इथेच असते, या हॉस्पिटलात."

मी म्हटलं, बोला.

"तिला माझं कळवायचंय. पण एकदम सांगू नका. वरून कडक वाटते, आतून फार घाबरते ती. आधी खुर्ची द्या. मग पाणी. मग सांगा."

आठ वेळा ऐकलेलं. तीन शब्द पाच मिनिटं टिकले नाहीत आणि हे टिकलं. माझं नाव नाही टिकलं, तोंड नाही टिकलं, मी घाबरते तेवढं टिकलं. मी ते अठ्ठावीस वर्षं कुणाला दिसू दिलं नव्हतं.

हातात ग्लास अजून तसाच होता. तो यांना दिला. घटाघट प्यायले, सगळा. मग मी म्हटलं, "ती बसली आहे. सांगा तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, अर्धा पत्ता असलेल्या पाकिटाकडे बघत तसं. मग मान हलवली. नाही, ती आली की सांगेन, म्हणाले.

फॉर्ममध्ये नात्याच्या चौकटीत मी 'पत्नी' लिहिलं. सही केली. अक्षर खराब आलं.

लेक दीडला हॉस्पिटलात आली. घर उघडं आणि बाबा नाहीत बघून तासभर गल्ल्या शोधत, मला फोन लावत होती. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. बापाच्या पायांशी बसली आणि दहावीचा अभ्यास कुठवर आला ते सांगायला लागली. गणित पूर्ण झालंय बाबा, म्हणाली. ते खूश झाले.

तपासणीत शंभरपैकी शहाण्णव. पूर्ण मार्क एकाच बाबीला मिळाले, अनोळखी रुग्ण व्यवस्थापन. मोठे साहेब हात मिळवायला आले तेव्हा खरं सांगायला तोंड उघडलं होतं. थँक यू एवढंच बाहेर पडलं.

२८ फेब्रुवारी, रविवार

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. उद्या दहा. ते म्हणाले, तेव्हाच आला असतात तर. वाक्य पूर्ण केलं नाही. चांगला माणूस आहे.

चिठ्ठ्या परत लावल्या. लेकीने लिहिल्या, तिचं अक्षर चांगलं आहे. 'सिस्टर ५ वाजता घरी येते' ही तेवढी मी माझ्या हाताने, होती तशीच लिहिली. 'बायको' लिहून बघितलं होतं. ते वाचून हे दारापाशी जाऊन उभे राहिले, कुणाची तरी वाट बघत. खोडलं.

कॉलरवर नंबर परत घातले, सात शर्ट. माझा युनिफॉर्म बघितला. त्यातला यांचा नंबर पुसायचा राहिला होता.

नोटीस बोर्डवरून काढलेला जुना तक्ता स्टोअरमध्ये असेल. उद्या परत लावायला सांगायचा. म्हणजे खुणा दिसल्या नाहीत का, असं कुणी मला विचारायला नको.

संध्याकाळी हे म्हणाले, चला सिस्टर, जरा पाय मोकळे करून येऊ. अर्धा तास चाललो. मी हात धरला होता.